दोन्हीकडून कुंपण

बाईंचं खरं नाव क्लासच्या पाटीवर होतं, पण ती पाटी इतकी उंच टांगलेली आणि इतकी जुनी, की ते कोणी वाचलेलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या नुसत्या बाई. टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास, दोन खोल्या, अकरा टाइपरायटर, त्यांतले चार बिघडलेले. पुढे ते गेले आणि सहा कॉम्प्युटर आले, त्यांतलेही दोन बिघडलेलेच. एकोणचाळीस वर्षं बाईंनी आजूबाजूच्या मुलामुलींना इंग्रजीत पत्र कसं लिहायचं ते शिकवलं. बाईंचं स्वतःचं इंग्रजी किती, म्हणाल, तर वासरात लंगडी गाय शहाणी, इतपत. पण वासरांना ते लंगडणं दिसत नाही, आणि काही वर्षांनी गायीलाही आपण नीटच चालतो असं वाटायला लागतं.

बाई बोलायला मऊ आणि नियमांना कडक होत्या. त्यांचा सगळ्यांत गाजलेला नियम कुंपणाचा. इंग्रजी वाक्यात ‘हू’ किंवा ‘व्हिच’ आला, की तिथून सुरू होणारा तुकडा कुठे संपतो ते बघायचं आणि अलीकडे एक, पलीकडे एक असे दोन कॉमे ठोकून द्यायचे. "हू आला, व्हिच आला, दोन्हीकडून कुंपण घाला." मुलं हे टेबलावर बोटं आपटत एका सुरात म्हणायची. एखाद्या चौकस मुलीने विचारलंच, की बाई, छापील पुस्तकात तर काही ठिकाणी कुंपण दिसत नाही, तर बाई म्हणायच्या, पुस्तक छापणाऱ्याला परीक्षा द्यायची नसते, तुला द्यायची आहे. यावर चौकस मुलगी खाली बसायची.

हा नियम बाईंना कोणी शिकवला नव्हता, तो त्यांना ठेच लागावी तसा लागला होता. शॉर्टहँडच्या परीक्षेत मजकूर सांगणारा नुसता सांगत सुटतो, कॉमा सांगत नाही, तो लिहिणाऱ्याने आपल्या अकलेने घालायचा. एकोणिसाव्या वर्षी बाईंनी आपली अक्कल वापरली आणि अर्ध्या मार्काने नापास झाल्या. गळलेल्या कॉमाचा अर्धा मार्क जायचा, जास्तीच्या कॉमाकडे मात्र तपासनीस काणाडोळा करायचे. पुढच्या खेपेला बाईंनी अक्कल घरी ठेवली, मूठमूठ कॉमे पेरले आणि पहिल्या वर्गात पास झाल्या. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला. गळला तर गेलो, जास्तीचा पडला तर कोणाच्या बापाचं काय जातंय?

कोणाचं काय जातंय, ते कळायला एकोणचाळीस वर्षं जावी लागली.

बाई राहायच्या ताईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे. आईवडील एका वर्षात पाठोपाठ गेले तेव्हा ताईने त्यांना आणून आपल्या घरात ठेवलं. चार महिन्यांसाठी आलेल्या बाई मग राहूनच गेल्या. लग्नाचे दोनतीन विषय निघाले आणि आपोआप विझले. घर म्हणजे कागद कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांपैकी एक. अठरा-अठरा खोल्यांच्या तीन रांगा, मधल्या गल्ल्यांत फरशी, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक नळ आणि एक सिमेंटचा बाक. कारखाना बारा वर्षांपूर्वी बंद पडला, पण खोल्या उठल्या नाहीत. तिथला कायदाच तसा होता. जुन्या रहिवाशाला मालक काढू शकत नाही, खोली धोक्याची असेल आणि रहिवाशाने स्वतः तसं लिहून मान्य केलं असेल, तरच काढू शकतो.

ताईचे यजमान, म्हणजे बाईंचे भाऊजी, कारखान्यात मोठ्या मशीनवर होते. एकतीस वर्षं ओल्या लगद्याचा कागद होताना बघितला, आणि मग काचबिंदूने हळूहळू बघणंच बंद केलं. डोळे गेले तरी बोटं राहिली. घरात आलेला प्रत्येक कागद ते अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळायचे आणि निकाल द्यायचे. हा रद्दीचा लगदा, हा बांबूचा, हा कसला कागद म्हणायचा, हे तर पापड आहे. बाईंना ते मास्तरीण म्हणायचे. चाळीस वर्षांत त्यांनी मेव्हणीची थट्टा करण्याचा एकही दिवस चुकवला नव्हता, आणि बाईंनाही ती ऐकल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

भाऊजींना दिसत नाही हे नवीन माणसाला पटायचंच नाही, कारण पहिल्या रांगेत ते काठीशिवाय फिरायचे. दारापासून नळ एकोणीस पावलं. नळापासून बाक सात. बाकापासून डावीकडे वळून दुसऱ्या रांगेतल्या, कारखान्याचा बॉयलर सांभाळलेल्या बॉयलरकाकांचं दार चौतीस, मध्ये एक फुटकी फरशी, ती ते पायाने ओळखायचे. सकाळी पाणी भरायचं, बाकावर बसायचं, काकांकडे बुद्धिबळाचा डाव मांडायचा. काका सोंगट्या हलवून सांगायचे, हे पट मनात धरायचे, आणि वर जिंकायचेही. या रांगांच्या बाहेर मात्र त्यांचं काही चालायचं नाही. एकदा भाच्याच्या घरी चार दिवस नेलं, तर चारही दिवस गृहस्थ खुर्चीतून उठले नाहीत, आणि न्हाणीघरात जाताना ताईचा पदर धरला. तिथून आल्यावर ते म्हणाले होते, मी आंधळा फक्त बाहेर असतो.

तर असं सगळं चाललेलं असताना तिसऱ्या रांगेच्या भिंती फुगल्या. नाल्याचं पाणी त्यांच्या बुडाशी मुरत होतं. शहराच्या कार्यालयातून एक इंजिनिअर आला, त्याने तिसरी रांग ठोकून बघितली आणि ती धोक्याची असल्याचं लिहून दिलं. कारखान्याच्या मालक कंपनीने ती पाडून तिथल्या अठरा घरांना शहराच्या कडेला नव्या इमारतीत जागा द्यायची कबूल केली. तिसऱ्या रांगेतले लोक खूश झाले, पहिल्या दोन रांगांतल्यांना सुटल्यासारखं वाटलं. फक्त रहिवाशांनी संमतीचं पत्र द्यायचं होतं, सगळ्यांच्या सह्यांचं, आणि कंपनीचं मुख्य ऑफिस परमुलखात असल्यामुळे इंग्रजीत.

रहिवाशांचे सेक्रेटरी बॉयलरकाकाच. बॉयलर बंद पडल्यापासून त्यांची सगळी वाफ या कामात जिरत होती. ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि एका दमात बोलले, की लिही, ज्या खोल्या धोक्याच्या आहेत त्या पाडायला आमची हरकत नाही. दुकान चालवणारी बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. आता चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई, पण क्लासच्या वहीचं पान ठेवावं तसे दुकानातले कागद ठेवायची. तिला सगळे झेरॉक्सवाली म्हणायचे. तिने मराठी ऐकलं आणि थेट इंग्रजी टाइप केलं. मग कागद घेऊन बाईंकडे आली, की सगळ्यांच्या घराचं काम आहे, एकदा नजरेखालून घाला.

बाईंनी लाल पेन उघडलं. लाल पेन उघडलं की त्यांचा चेहरा बदलायचा, पोळ्या लाटणारीने पीठ मळायला बाह्या वर कराव्यात तसा. एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं. एका ठिकाणी ‘द’ राहिला होता, तो घातला. आणि मधलं मोठं वाक्य होतं, ‘द रूम्स व्हिच आर अनसेफ मे बी पुल्ड डाउन’. व्हिच आला होता आणि कुंपण नव्हतं. बाईंनी ‘रूम्स’च्या पुढे एक आणि ‘अनसेफ’च्या पुढे एक असे दोन ठसठशीत कॉमे काढले. "इतकी वर्षं शिकवलं, तरी विसरलीसच ना," असं म्हणून कागद परत दिला. झेरॉक्सवाली क्षणभर कागदाकडे बघत उभी राहिली, मग बरं म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी नव्याने टाइप केलेल्या पत्रावर चोपन्न घरांच्या सह्या झाल्या. भाऊजींनी ताईने धरलेल्या पट्टीच्या आधाराने सही केली, आणि कागद चोळून म्हणाले, झेरॉक्सचा साधा कागद आहे, पण चालेल.

साडेतीन आठवड्यांनी नोटीस आली. भाऊजींनी आधी ती हातात घेतली. "जाड आहे. गुळगुळीत. आपल्याला कोणी एवढ्या भारी कागदावर चांगलं लिहिणार नाही," ते म्हणाले. नोटीस चोपन्नही घरांना होती. आपण सर्व रहिवाशांनी दिलेल्या संमतीपत्रानुसार तिन्ही रांगा पाडण्यात येतील, पर्यायी जागा नव्या इमारतीत तयार आहे, साठ दिवसांत खोल्या रिकाम्या कराव्यात.

लोकांना आधी वाटलं, चुकून आली. बॉयलरकाका दहा जणांना घेऊन कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात गेले, आणि इंग्रजी समजायला बाई हव्यात म्हणून बाईंनाही नेलं. तिथे कंपनीचा वकील होता, तिशीतला, बोलायला इतका गोड की त्याच्यावर रागावताही येईना. त्याने पत्र पुढे ठेवलं आणि पेनाच्या टोकाने दोन कॉमे दाखवले. हे दोन नसते, तर अर्थ झाला असता, ज्या खोल्या धोक्याच्या आहेत तेवढ्याच पाडा. ते आहेत, म्हणून अर्थ होतो, खोल्या पाडा, आणि हो, त्या धोक्याच्या आहेतच. सगळ्या. "पत्रात तिसरी रांग असा शब्द कुठेही नाही," तो म्हणाला, "आणि धोका तुम्हीच मान्य केला आहे."

तिसरी रांग हा शब्द नव्हता, कारण तो घालायची गरज कोणाला वाटली नव्हती. धोक्याच्या खोल्या कुठल्या, हे कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. बॉयलरकाका म्हणाले, साहेब, दोन टिंबांवरून तुम्ही आमची घरं घेता काय, हा तर ध चा मा झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाईंकडे बघितलं, की आता बाई याची कशी जिरवतात. बाईंनी नुसतं पाणी मागून घेतलं.

घरी येऊन त्यांनी कपाटावरचं व्याकरणाचं जाड पुस्तक काढलं. त्यात एक धडा होता, जो त्या दरवर्षी मुलांना सोडून द्यायला सांगायच्या, कारण परीक्षेला येत नाही. भर दुपारी, खिडकीशी बसून, अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईंनी तो धडा पहिल्यांदा वाचला. त्यात सगळं होतं. एखादा तुकडा कोण किंवा कुठला ते ठरवत असेल, तर त्याला कॉमा लावायचा नाही. नुसती वरची माहिती असेल, काढून टाकली तरी अर्थाला धक्का लागत नसेल, तरच त्याच्या दोन्ही बाजूंना कॉमे. आपल्या भाषेला ही भानगडच ठाऊक नाही. आपल्याकडे ‘ज्या’ आला की ‘त्या’ येतोच, ज्या धोक्याच्या त्या, ज्याचं जळतं त्याला कळतं. अशी जोडी नीट हातात हात घालून चालते, ध्यानात ठेवायला काही लागत नाही. इंग्रजीने ते सगळं ओझं बिचाऱ्या दोन शेपटीवाल्या टिंबांवर टाकलं होतं. आणि बाईंनी पिढ्यान् पिढ्यांना ती टिंबं मीठ भुरभुरावं तशी टाकायला शिकवलं होतं. त्यांना आठवायला लागलं, कोणकोण कुठे कामाला आहे, कोर्टात कोण, नगरपालिकेत कोण, दवाखान्यात कोण, आणि कुठल्या कुठल्या कागदावर आजवर काय काय झालं असेल. मग त्यांनी आठवणं बंद केलं, कारण ते झेपणारं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, जेवत का नाहीस. बाईंनी सांगून टाकलं, की ताई, ते कॉमे मी घातलेत. ताईला कॉमा म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. ती म्हणाली, मग काढून टाक की. तिला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं की बटाटा टाकतात, तसं काहीतरी असेल.

काढून टाकता येण्याची एकच वाट बाईंना दिसत होती. झेरॉक्सवालीकडे तो पहिला कागद असणार. ती काही फेकत नाही. तो निघाला, फाइलमध्ये नीट लावलेला, लाल शाईसकट. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. रहिवाशांच्या तक्रारीवर शहराच्या कार्यालयातल्या साहेबांपुढे सुनावणी ठेवली होती. तिथे हा कागद दाखवायचा आणि सांगायचं, की मूळ वाक्यात कॉमे नव्हतेच, लोकांचं म्हणणं बिनकॉमाचं होतं, कुंपण माझं आहे. लाज जाईल, क्लास जाईल. जाऊ दे. भाऊजींचा नळ राहील, एकोणीस पावलांवर. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तशी त्यांनी ती काडी घट्ट धरली.

सुनावणीची खोली लहान होती, पंखा मोठा. साहेब वयस्क, चेहऱ्याने थकलेले, पण ऐकून घेणारे. मागच्या बाकांवर तिन्ही रांगांतली माणसं दाटीवाटीने बसली होती. भाऊजी ताईच्या शेजारी. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, न चाचरता. कागद पुढे ठेवला. साहेबांनी तो बघून वकिलाकडे दिला. वकिलाने उजेडाकडे धरून तो शांतपणे वाचला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"ही लाल शाई आपली?" त्याने विचारलं.

बाई हो म्हणाल्या.

"म्हणजे टाइप करताना कॉमे नव्हते. आपण वाचलंत आणि मुद्दाम घातलेत."

"मुद्दाम नाही. सवयीने."

"किती वर्षं इंग्रजी शिकवता?"

"एकोणचाळीस."

वकील साहेबांकडे वळला. आपली आतापर्यंत अडचण एवढीच होती, तो म्हणाला, की समोरची बाजू हे कॉमे टायपिंगची चूक आहे असं म्हणू शकली असती. आता तीही शंका उरली नाही. वाक्य आधी वेगळं होतं, जाणकार व्यक्तीने तपासलं, बदललं, आणि बदललेल्या वाक्यावर चोपन्न घरांनी सह्या केल्या. हे चुकून पडलेलं नाही, बघून घातलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. ज्या कागदाने घर वाचायचं, तोच कागद कंपनीच्या फाइलमध्ये जाऊन बसला.

बाईंनी टेबलाची कड धरली. "साहेब, मी जाणकार नाही," त्या म्हणाल्या. "मला तो नियम येतच नव्हता. मी एकोणचाळीस वर्षं चुकीचं शिकवलं."

आयुष्यात बाईंनी इतकं खरं वाक्य उच्चारलं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला आणि ते खरोखर विचार करायला लागले, असं वाटलं. कदाचित आणखी एक मिनिट ते तसेच राहिले असते, तर काही झालंही असतं. पण मागच्या बाकावरून बॉयलरकाका उठले. माणूस सोन्यासारखा, पण वाफ दाबून ठेवायची सवय नाही. "साहेब, बाई घाबरल्यात," ते म्हणाले. "त्या आमच्यासाठी स्वतःवर घेतायत. आमच्या बाईंचं इंग्रजी कधी चुकत नाही. इथे बसलेल्यांत निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेत, विचारा कोणालाही."

आणि कोणी न विचारताच मागचे लोक बोलायला लागले. माझी मुलगी त्यांच्यामुळे नोकरीला लागली. माझा भाऊ पहिल्या झटक्यात पास झाला. बाईंच्या हाताखालचा कागद परत आलेला कोणी दाखवावा. प्रत्येक जण आपापल्या परीने बाईंची अब्रू वाचवत होता. बाई वळून हातांनी नको नको करत होत्या, तो त्यांचा विनय ठरला. कुंपणच शेत खातं हे आपण ऐकलेलं असतं, इथे शेतच कुंपणाची बाजू घेऊन भांडत होतं. वकिलाला काही करावंच लागलं नाही. लोक थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, रहिवाशांचंही म्हणणं हेच आहे, साहेब.

निकाल आठवड्याने आला. तिन्ही रांगा. वर दाद मागायची तर तीस दिवसांत, लेखी.

निकाल आला त्या दिवशी भाऊजी बाकावर बसले होते. बाई जाऊन शेजारी बसल्या. मग ते म्हणाले, मास्तरीण, ते वाक्य मला एकदा म्हणून दाखव. बाईंनी म्हटलं. आता तुझ्या कुंपणासकट म्हण. बाईंनी पुन्हा म्हटलं, ‘रूम्स’पाशी जराशा थांबल्या, ‘अनसेफ’पाशी जराशा थांबल्या. भाऊजींनी मान कलती करून दोन्ही ऐकलं, कागद चोळताना करायचे तशी.

"दुसऱ्यांदा दोनदा दम खाल्लास, एवढंच," ते म्हणाले. "तेवढ्या दमात सगळं गेलं?"

भाऊजींनी त्यावर कोटी केली नाही, ते उठून नळाकडे गेले. थट्टा केली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मधल्या दिवसांत नवी इमारत बघायला सगळे जाऊन आले. वाईट नव्हती. नऊ मजले, लिफ्ट, आत नळ, पांढऱ्या भिंती. यांची जागा सहाव्या मजल्यावर. भाऊजी लिफ्टमधून बाहेर आले, भिंतीला हात लावून पावलं मोजत गेले, बावीस पावलांवर एक दार लागलं, ते दुसऱ्याचं निघालं. परत मोजलं, पुन्हा दुसऱ्याचंच. सगळी दारं एका मापाची, एका अंतरावर, एकाच गुळगुळीत रंगाची, पायाखाली ओळखीची एकही फुटकी फरशी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मोजलं नाही. ताईचा पदर चाचपून धरला आणि म्हणाले, चल, खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवून टाक. बॉयलरकाकांना दुसऱ्या इमारतीत जागा होती, रस्त्याच्या पलीकडे. बुद्धिबळाचं नाव कोणी काढलं नाही.

वर अर्ज करायचा होता, आणि तो कोणी लिहायचा याबद्दल लोकांच्या मनात शंकाच नव्हती. बाईंनी नाही म्हटलं, तर त्या रुसल्या असं ठरलं. बायका समजूत घालायला आल्या, की बाई, त्या वकिलाचं मनावर घेऊ नका, त्यालाच कुठे येतं इंग्रजी. बॉयलरकाका दोनदा येऊन गेले. तुम्ही नाही तर कोण, ते म्हणायचे, आणि हे खरंच होतं. दुसरं कोणी नव्हतंच. ज्यांना थोडंफार येत होतं, त्यांना ते बाईंनीच शिकवलेलं. पंचविसाव्या दिवशी बाई झेरॉक्सच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसल्या.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. बाई सांगत गेल्या, झेरॉक्सवाली टाइप करत गेली. बाई वाक्यं इतकी आखूड करत होत्या की त्यांत ‘हू’ शिरूच नये. तिसरी रांग, तिसरी रांग, तिसरी रांग, प्रत्येक वाक्यात घातलं. शेवटी भाऊजींचं लिहायचं होतं. काकांनी बजावलं होतं, की त्यांचं लिहाच, वरच्या साहेबाला दया आली तर त्यांच्यामुळेच येईल. बाईंनी दोनतीनदा मनात उलटसुलट केलं, पण ते एकाच वाक्यात बसत होतं. माझे भाऊजी, जे आंधळे आहेत, ते फक्त इथेच चालू शकतात. ‘माय ब्रदर-इन-लॉ हू इज ब्लाइंड’ एवढं त्यांनी सांगितलं, आणि झेरॉक्सवालीची बोटं ‘लॉ’पाशी थांबली.

"बाई, इथे कुंपण?"

तो धडा बाईंनी या महिन्यात इतक्यांदा वाचला होता की पानं सुटी झाली होती. भाऊजी एकच. कोणते भाऊजी, हा प्रश्न नाही. म्हणजे आंधळे आहेत ही वरची माहिती, म्हणजे इथे कॉमे हवेतच. नाही घातले, तर वाचणारा विचारेल, की मग डोळस भाऊजी कुठे आहेत. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना उत्तर का बरोबर आहे ते माहीत होतं. त्या सांगणारच होत्या, पण लाल पेन धरलेला आपला हात त्यांना दिसत राहिला.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

झेरॉक्सवाली पडद्याकडे बघत राहिली. "त्या दिवशी वाटलं होतं मला," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"की नकोत. काका बोलताना तिथे थांबलेच नव्हते. सलग बोलले. म्हणून मी घातले नव्हते, बाई. विसरले नव्हते मी."

बाईंना आधी ते नीट कळलं नाही. मग कळलं. "मग बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही घातले होते ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

मग बाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांना स्वतःची कीव आली, "आणि आत्ता? आत्ता इथे काय वाटतं तुला?"

झेरॉक्सवालीने खरंच आठवून बघितलं, जे तेव्हा आपोआप कळलं होतं ते आता कळतंय का. दोनदा ओठ हलवून वाक्य म्हणून पाहिलं.

"आता काहीच वाटत नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं." आणि बोट कॉमाच्या बटणावर ठेवून ती बाईंच्या तोंडाकडे बघत बसली.